भरणे आणि भरून येणे

सकाळची ड्रेसिंगची फेरी निघाली, की ट्रॉलीमागे चालणाऱ्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीच्या कानावर एक वाक्य आज ना उद्या पडतेच : "डेमो रूममधले डेमो रूममध्ये. हा वॉर्ड आहे." हे बोलणारी सिस्टर आळशी नसते, बेफिकीर तर मुळीच नसते. विद्यार्थिनीने जेवढी पुस्तकाची पाने उलटली नसतील, तेवढ्या जखमा तिने बऱ्या होताना पाहिलेल्या असतात. म्हणूनच तिचे म्हणणे विद्यार्थिनीला लगेच पटते, आणि म्हणूनच ते नीट तपासायला हवे. अनुभवी माणसाची चूक नवख्याच्या चुकीपेक्षा लांबवर पोचते. ती पुढच्या पिढीच्या हातात उतरते.

मी वसई-विरार परिसरात नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवते. खोल जखमेचे निर्जंतुक पॅकिंग हा माझ्या शिकवण्यातला सर्वांत जिव्हाळ्याचा विषय आहे. मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते. निवाडा वाचकांनी करावा. पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडण्याची आणि मगच त्याला उत्तर देण्याची जबाबदारी माझी.

पूर्वपक्ष चार पायांवर उभा आहे.

पहिला पाय असा : गळू फोडल्यावर उरलेली पोकळी असो की मधुमेहाने चिघळलेला तळपाय, ही जखम आधीच जंतूंनी भरलेली असते. जिथे पूच वाहतो आहे, तिथे निर्जंतुक गॉजचा आणि निर्जंतुक हातमोज्यांचा आग्रह म्हणजे पाय धुऊन चिखलात उतरणे. दुसरा : साधे स्वच्छ हातमोजे पुरतात, काही जखमांत तर पॅकिंगचीच गरज नाही, असे आता संशोधनच सांगते. तिसरा : वॉर्ड भरलेला, हात मोजके, सामान तुटपुंजे. पुस्तकी पद्धत आदर्श जगासाठी, आपल्या जगासाठी नाही. चौथा पाय सर्वांत जुना आणि सर्वांत पक्का : पॅकिंगमध्ये शिकण्यासारखे आहे काय? पोकळी आहे, गॉज आहे, भरायचा. दहा वेळा पाहिले की अकराव्या वेळी हात आपोआप चालतो.

यातले एकही विधान वेडगळ नाही. प्रत्येकात सत्याचा अंश आहे. पण अंश म्हणजे पूर्ण नव्हे.

पहिल्या पायापासून सुरुवात करू. जखमेत जंतू आहेत, हे मान्य. पण "जंतू आहेत" यावरून "आणखी आले तरी बिघडत नाही" हा निष्कर्ष कोणत्या तर्काने निघतो? अर्नाळ्याच्या एखाद्या मच्छीमाराच्या हातात शिंगाळ्याचा काटा घुसला आणि तिथे पू झाला, तर त्याच्या जखमेत त्याच्या त्वचेवरचे आणि समुद्राच्या पाण्यातले जंतू असतात. डॉक्टर त्या जंतूंचा विचार करून औषध लिहितात. आपण मात्र शेजारच्या खाटेवरची जखम हाताळलेला चिमटा, किंवा खाटेच्या कठड्याला लागलेला हातमोजा त्याच्या जखमेत नेला, तर तिथे वेगळाच पाहुणा शिरतो. रुग्णालयातल्या जंतूंनी अनेक प्रतिजैविके पचवलेली असतात. आता लिहून दिलेले औषध एका शत्रूसाठी आणि जखमेत दुसराच शत्रू. निर्जंतुक तंत्र जखमेतले जंतू शून्यावर आणण्यासाठी नसतेच. एका रुग्णाचे जंतू दुसऱ्याला मिळू नयेत आणि आपल्या हाताने भर पडू नये, एवढ्यासाठी ते असते.

याहून मोठा पुरावा १९५७ सालचा आहे. एलेक आणि कोनेन या दोन संशोधकांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकोकस जंतू टोचून पाहिले. नुसत्या त्वचेत पू होण्यासाठी लक्षावधी जंतू लागले. पण सोबत रेशमी टाक्याचा धागा असेल, तर सुमारे ३०० जंतू पुरले. धागा स्वतः निरुपद्रवी होता. तो परका होता, एवढेच. शरीराचा पहारा परक्या वस्तूच्या आडोशाला दुबळा पडतो. गॉज रोज बदलला जातो आणि टाका आत राहतो, त्यामुळे ही तुलना तंतोतंत लागू नाही, हे मीच सांगते. पण तत्त्व तेच राहते. पॅकिंग करताना आपण जखमेत परकी वस्तू ठेवत असतो आणि ती तासन् तास तिथे राहते. मग ती वस्तू स्वच्छ असण्याची गरज पुवामुळे कमी होते, की वाढते?

वाढते. पहिला पाय गेला.

दुसरा पाय संशोधनाचा. येथे मला आनंद होतो, कारण प्रतिपक्षाने पुराव्याची भाषा सुरू केली. २००४ मध्ये कॅनडात ८१६ रुग्णांवर झालेला पेरेलमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपत्कालीन विभागात साध्या कापलेल्या जखमा शिवताना निर्जंतुक हातमोजे वापरलेल्या गटात जंतुसंसर्ग ६.१ टक्के निघाला, तर पेटीतल्या साध्या स्वच्छ हातमोज्यांच्या गटात ४.४ टक्के. हा फरक अर्थपूर्ण मानण्याजोगा नव्हता. म्हणजे साधे हातमोजे कमी पडले नाहीत. दुसरा अभ्यास २०२२ चा, ब्रिटनमधला. गुदद्वाराजवळच्या गळूची पोकळी भरावी की न भरता ठेवावी, हा त्याचा प्रश्न होता. न भरलेल्या रुग्णांना वेदना कमी झाल्या. भगंदर होण्याचे किंवा गळू पुन्हा उठण्याचे प्रमाण मात्र वाढले नाही. दोन्ही निष्कर्ष मी मान्य करते. वर्गात शिकवतेही.

पण हे अभ्यास नेमके कशाचे होते? पहिला ताज्या, गुंतागुंत नसलेल्या, लगेच शिवून बंद केलेल्या जखमांचा. त्यावरून मधुमेहाच्या पायातल्या, हाडापर्यंत गेलेल्या पोकळीबद्दल निर्णय द्यायचा का? शिवाय त्यातला हातमोजा पेटीतून निघून थेट जखमेकडे गेलेला होता. आपल्या वॉर्डातला तथाकथित स्वच्छ हातमोजा वाटेत पडदा सरकवतो, फाईल उचलतो, मोबाइल बाजूला ठेवतो आणि मग जखमेला लागतो. संशोधनाने पहिल्या हातमोज्याला निर्दोष ठरवले आहे. दुसऱ्याची चौकशी तिथे झालेलीच नाही. ब्रिटनचा अभ्यासही "भरावे की नाही" हे विचारतो, "कसे भरावे" हे नाही. डॉक्टरांनी न भरण्याचे ठरवले, तर उत्तम. पण भरायचे ठरले, तर ते कसेही भरले तरी चालेल, असा त्याचा अर्थ काढणे म्हणजे "उपवास चांगला" या सल्ल्यावरून "जेवण शिळे असले तरी चालेल" असे ठरवणे.

एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. घरी, जुनाट जखमेला, घरच्या माणसाने केलेले स्वच्छ पद्धतीचे ड्रेसिंग अनेकदा पुरेसे असते. निर्जंतुक पद्धत सर्वत्र, सदैव लागते असा माझा दावा नाही. दावा एवढाच आहे : कुठे सूट घ्यायची, हे ज्याला पूर्ण पद्धत येते त्यालाच ठरवता येते. जिला पूर्ण पद्धत कधी आलीच नाही, तिने घेतलेली सूट ही सूट नसते. ते अज्ञान असते.

तिसरा पाय परिस्थितीचा, आणि त्याच्याविषयी मला सर्वांत जास्त सहानुभूती आहे. वसई-विरार महानगरपालिका २००९ मध्ये झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती आणि शहर तेव्हापासून वाढतच गेले. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. त्यात वालीव-सातिवलीच्या कारखान्यांत यंत्रात सापडलेला कामगार आहे, महामार्गावरचा अपघात आहे, कोळीवाड्यांतले मच्छीमार आहेत आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरून उतरून आलेला रुग्णही आहे. सिस्टरचे हात दोनच. हे सारे खरे आहे.

मग आता हिशेब करू. ड्रेसिंगला लागणाऱ्या वेळातला किती वेळ निर्जंतुक पद्धत खाते? अल्कोहोलच्या द्रावाने हात चोळायला लागतात २० ते ३० सेकंद. पॅक उघडून क्षेत्र मांडायला मिनिटभर. वेळ जातो तो मध्येच सलाईन आणायला, विसरलेली कात्री शोधायला, मावशींना हाक मारून पॅड मागायला. म्हणजे वेळ खाते ती अव्यवस्था, आणि तिच्यावरचा उपाय त्याच निंदित डेमो रूममध्ये शिकवतात : आधी ट्रॉली लावा, मगच हातमोजे घाला, स्वच्छ जखमा आधी घ्या, पू असलेल्या शेवटी, एकीने पॅक उघडायचा, दुसरीने हात लावायचा. निर्जंतुक हातमोज्यांची जोडी नसेल, तेव्हाही स्पर्शविरहित पद्धत आहेच. जखमेला जे लागणार, म्हणजे गॉजचा मधला भाग आणि चिमट्याची टोके, त्याला दुसरे काहीही लागू द्यायचे नाही. याला पैसा लागत नाही. लक्ष लागते.

सामानाची कमतरता असेल, तर पद्धत जास्त कडक हवी की सैल? गॉजचा ड्रम ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसवर, १५ पौंडांच्या दाबाखाली निदान १५ मिनिटे राहतो, तेव्हा कुठे निर्जंतुक होतो. त्याचे झाकण अर्धे उघडे ठेवून त्यात एकदा वापरलेला चिमटा बुडाला, की ती सारी मेहनत एका क्षणात वाया जाते, आणि वाया गेली हे कोणाला कळतही नाही. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा, विरार काही दिवस पाण्यात होते. रेल्वेमार्ग बुडाला, मिठागरांवर माणसे अडकली. त्या पाण्यातून पायाची जखम घेऊन चालत आलेल्या माणसासाठी पद्धत सैल करायची? बाहेर जेवढी घाण जास्त, तेवढे ट्रॉलीवरचे ते हातभर निर्जंतुक कापड मोलाचे. गरिबाला दुसऱ्यांदा आजारी पडणे परवडत नाही. लांबलेल्या प्रत्येक दिवसाला त्याची रोजी बुडते. आदर्श जगाला ही पद्धत कदाचित नसली तरी चालेल. आपल्या जगाला नाही.

आता चौथा पाय. खरे पाहता बाकीचे तीन त्याच्याच आधाराने उभे आहेत. पॅकिंग म्हणजे भरणे, आणि भरण्यात शिकण्यासारखे काय?

आपली भाषा येथे आपल्याला सावध करते. मराठीत जखम भरून येते. ती आपली आपण येते, तळापासून वर येते. आपण भरतो ती फक्त पोकळी, तीही तात्पुरती, जखमेचे तोंड वेळेआधी मिटू नये म्हणून. तोंड आधी मिटले, तर वर कातडी आणि आत पू, अशी अवस्था होते. भरण्याचा हेतू भरून येण्याला वाट देणे हा आहे. हे एकदा समजले, की गॉज कोंबणारा हात आपोआप थांबतो.

कोंबल्याने काय होते? गॉज घट्ट बसला, की पोकळीच्या भिंतीतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या दबतात. रक्त पोचत नाही. उगवू पाहणारे लाल, दाणेदार मांसांकुर मरतात. शिवाय स्राव बाहेर निघायला वाट राहत नाही; गॉज बुचासारखा बसतो. उलट फार कमी गॉज ठेवला, तर कडेखालची पोखर रिकामी राहते आणि तिथे पू साठतो. कोरडा ठेवला, तर तो जखमेला चिकटतो आणि दुसऱ्या दिवशी ओढताना नवे मांस सोबत घेऊन येतो. चिंब भिजलेला ठेवला, तर भोवतालची त्वचा पांढरी, पिचपिचीत होते. म्हणून गॉज पूर्ण उलगडायचा, सलाईनमध्ये भिजवायचा, ठिबकणार नाही इतका पिळायचा आणि चिमट्याने हलकेच, प्रत्येक भिंतीला स्पर्श होईल पण दाब पडणार नाही असा, तळापासून घालत यायचा. हे "भरायचा" या एका शब्दात मावते का?

ओलावा का? कारण १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवरच्या उथळ जखमांवर दाखवून दिले, की ओलसर ठेवलेली जखम हवेत सुकू दिलेल्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने नव्या त्वचेने झाकली जाते. "जखम उघडी ठेव, सुकू दे" या घरोघरच्या सल्ल्याला त्या दिवशी तडा गेला. आणि ज्यांना हे पाश्चात्त्य खूळ वाटते, त्यांनी सुश्रुतसंहितेचे सूत्रस्थान उघडावे. व्रणात ठेवायच्या औषधयुक्त वातीला सुश्रुत विकेशिका म्हणतात. ती अतिस्निग्ध नसावी, अतिरूक्ष नसावी, वेडीवाकडी बसवलेली नसावी, असे ते बजावतात, आणि प्रत्येक चुकीचा परिणामही वेगवेगळा सांगतात : अति स्निग्धतेने चिघळ, रूक्षतेने चिरा, चुकीच्या ठेवणीने व्रणाच्या कडांना घासणे. शल्यशास्त्राच्या आद्य ग्रंथाला जी गोष्ट नियमबद्ध करावीशी वाटली, ती आपण "पाहून येते" म्हणून सोडून द्यायची?

अपवादही शिकावा लागतो. महामार्गावरच्या अपघातात मांडीतून भळभळा रक्त वाहते आहे, तेव्हा हाच गॉज रक्त येते त्या नेमक्या जागी घट्ट दाबून भरायचा असतो आणि वरून दोन्ही हातांनी सलग काही मिनिटे दाब ठेवायचा असतो. तिथे हलका हात जिवावर बेततो. एकच पोकळी, एकच गॉज, आणि दोन परस्परविरोधी कृती. कोणती कधी, हे हाताला कसे कळणार? ते डोक्याला कळावे लागते.

मोजणीचा मुद्दा राहिला. पोकळीची लांबी, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये. पोखर कोणत्या दिशेला, ते घड्याळाच्या काट्याप्रमाणे : रुग्णाचे डोके बाराच्या जागी, पाय सहाच्या. शक्यतो एकच सलग पट्टी आणि तिचे टोक बाहेर. एकाहून अधिक तुकडे ठेवले, तर किती ठेवले याची नोंद, आणि काढताना तेवढेच निघाले याची खात्री. पोकळीतली हवा ओढून घेणारे व्हॅक ड्रेसिंग आले म्हणून ही शिस्त जुनी होत नाही. तिथे फोमचे तुकडे मोजावे लागतात.

मी विद्यार्थिनी असताना एका रुग्णाची मांडीतली पोकळी काही केल्या मिटत नव्हती. प्रतिजैविके बदलली, साखर तपासली, दोष त्याच्या आहाराला दिला. अखेर एके दिवशी धुताना आतून काळपट, कुजलेला गॉजचा एक तुकडा बाहेर आला. त्यानंतर जखम भरून आली. त्या खाटेवर माझीही ड्युटी झाली होती. तो तुकडा माझ्या हातचा होता का? मला आजही माहीत नाही. कारण किती तुकडे ठेवले, हे कोणीच लिहिलेले नव्हते. मीही नाही. दहा वेळा पाहून माझा हात आपोआप चालत होता. तो चुकाही आपोआपच करत होता.

म्हणून आता मी मुलींची परीक्षा गुलालाने घेते. पोकळी कोरलेला दुधी भोपळा ही जखम. गॉजच्या पॅकची बाहेरची बाजू, ट्रॉलीचा कठडा, सलाईनच्या बाटलीची मान, या जागांना चिमूटभर गुलाल. मुली पॅकिंग करतात आणि मग आम्ही भोपळा कापतो. सवयीच्या हाताने "मी कुठेच हात लावला नाही" असे शपथेवर सांगणाऱ्या मुलीच्या भोपळ्याच्या तळाशी बहुधा गुलाबी ठिपका सापडतो. त्या ठिपक्याशी वाद घालता येत नाही. वॉर्डात मात्र जंतूंना रंग नसतो.

पूर्वपक्षाने कधी विचारातच न घेतलेली गोष्ट हीच आहे. गॉज कठड्याला लागला, हे फक्त ज्या हातात तो होता त्याला कळते. डॉक्टरांना दिसत नाही, इन-चार्ज सिस्टरना दिसत नाही, रुग्णाला तर कळणे शक्यच नाही. चरकांनी परिचारकाचे चार गुण सांगितले : उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शौच. शौच म्हणजे स्वच्छता, असे आपण सहज म्हणतो. पण संस्कृतात शुचि हा शब्द प्रामाणिक माणसासाठीही येतो. निर्जंतुक पॅकिंगमध्ये हे दोन अर्थ वेगळे करताच येत नाहीत. अस्वच्छ गॉज फेकून देण्यासाठी आधी तो अस्वच्छ झाला हे स्वतःशी कबूल करावे लागते.

गेल्या सत्रात प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी एका मुलीने पॅकिंग जवळजवळ पूर्ण करत आणले होते. बाहेरच्या परीक्षक समोर उभ्या, वेळ संपत आलेली. ती अचानक थांबली आणि म्हणाली, "मॅडम, शेवटच्या गॉजला माझी बाही लागली. दुसरा पॅक उघडते." आम्हा दोघींपैकी कोणालाही ते दिसले नव्हते. तिने पूर्ण गॉज काढला, हातमोजे बदलले, पुन्हा सुरुवात केली. वेळ संपला तेव्हा तिची पट्टी बांधून झाली नव्हती.

"डेमो रूममधले डेमो रूममध्ये" म्हणणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे. उद्या तुमच्या आईच्या जखमेत गॉज ठेवायचा आहे. पट्टी वेळेत बांधणारी मुलगी निवडाल, की ही? वाचकहो, निवाडा तुमचा.